मापवही, हातोडा आणि डांगचा साग

सादडा :

नमस्कार. चार वर्षं इथे वाचनमात्र होतो. आज पहिलाच धागा काढतोय, कारण गेल्या महिन्यात एक दृश्य पाहिलं आणि ते डोळ्यांपुढून हलत नाही.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. १९८२ साली वनपाल म्हणून गुजरातच्या डांग जिल्ह्यात रुजू झालो आणि २०१६ साली रेंजर म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी उत्तर डांगात, काही वर्षं व्याऱ्याला आणि शेवटची छोटाउदेपूरकडे. गेल्या महिन्यात जुन्या सहकाऱ्याच्या घरी लग्नाला गेलो होतो. परतताना वाटेवरच्या एका कार्यालयात ओळखीपाळखीसाठी डोकावलो. मागच्या ओसरीवर रद्दीवाल्याचा काटा लागला होता आणि काट्यावर जंगलतोडीच्या मापवह्या होत्या. एकीचं पान वाऱ्यानं उघडलं, तर अक्षर माझं. मुदत संपलेलं दप्तर काढून टाकायचा नियम आहे, तो तिथले लोक पाळत होते. त्यात कुणाला बोल लावायचा नाही. पण त्या वहीत ज्या झाडांची नोंद होती ती झाडं आता नाहीत, आणि ती वहीही संध्याकाळपर्यंत नव्हती.

जंगलखात्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जंगलाची कार्ययोजना असते. त्यात जंगलाचे कंपार्टमेंट पाडलेले असतात आणि कुठल्या वर्षी कुठल्या तुकड्यात तोड करायची ते ठरलेलं असतं. त्या वर्षाच्या तुकड्याला कूप म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, इंग्रजांनी आणला आणि डांगातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असा बसला की ‘यंदा कूप कुठं पडलाय’ हे वाक्य त्यांचंच वाटतं.

पावसाळा सरला की मार्किंग सुरू. चौघांची टोळी असायची: एक टेप धरणारा, एक कुऱ्हाडीनं साल तासणारा, एक हातोडेवाला आणि एक लिहिणारा. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, घेर मोजायचा. तिथे पंजाएवढी साल तासून नंबर घालायचा आणि हातोडा मारायचा. दुसरी तास बुडाशी, जमिनीलगत, आणि तिथेही तोच हातोडा. हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात, ओल्या लाकडावर ती सुलटी उमटतात. झाड पाडून ओंडके डेपोत गेले तरी खुंटावरचा ठसा जागेवर राहतो. तपासणीला साहेब आले की खुंट मोजायचे आणि वहीशी ताळा घालायचे. ठसा नसलेला खुंट निघाला तर ती चोरटी तोड, आणि मग आमची खैर नसे. हातोडा रात्री कुलपात. बंदुकीइतका जपायचा.

एका झाडाचे तीन ओंडके निघाले तर त्यांवर २१४/१, २१४/२, २१४/३ असे आकडे पडत. डेपोतल्या थप्पीत, लिलावात, वाहतुकीच्या पासावर, सगळीकडे तोच आकडा. झाडाचा पत्ता शेवटपर्यंत सुटत नव्हता. ते झाड कुणी पाडलं हे मात्र मापवहीत कुठेच नाही. त्याला रकाना नव्हता. नावं असत मजुरीच्या पत्रकावर, अंगठ्याच्या ठशासमोर, आणि ती पत्रकं तर वह्यांच्याही आधी गेली.

माझ्याकडे आता उरल्यात त्या माझ्या स्वतःच्या खिशातल्या डायऱ्या. सतरा आहेत. दोन वाळवीनं खाल्ल्यात. डांगातल्या तोडीचा जो काही इतिहास माझ्या हाती लागला होता, तो एवढाच. याचं काय करावं, कुठे ठेवावं, त्यात आणखी काय जोडावं, हे विचारायला हा धागा.

दांडियाबाजारकर :

काका, सर्वांत आधी त्या डायऱ्यांचे फोटो काढा. स्कॅनर नको, जुनी शिवण उसवेल. खिडकीजवळ टेबल ठेवून दिवसाउजेडी मोबाइलनं प्रत्येक पानाचा एकेक. मी येऊन काढून देतो, दोन गल्ल्या सोडूनच राहतो. वाळवी लागलेल्या दोन आजच वेगळ्या ठेवा, बाकीच्यांना लागण होईल.

एक विचारू? डायरीत घेर आणि नंबर सोडून आणखी काय लिहायचात?

रेवाकाठ :

मला हा विषय तितकासा सरळ वाटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. काकांच्या नोकरीबद्दल आदर आहे. पण जंगलतोडीचा इतिहास ‘जपायचा’ म्हणजे नेमकं काय? १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचा पट्टा (भाडेकरार) घेतला, तो मुंबईच्या गोदीत जहाजांना साग हवा होता म्हणून. पुढे राखीव जंगल झालं आणि जे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होते त्यांच्या शेतीवर, राब जाळण्यावर (म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजण्यावर), गुरं चारण्यावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर उकाई धरण झालं, १९७२ मध्ये तापीच्या पाण्याखाली गावं आणि जंगल दोन्ही गेलं. या सगळ्यात हातोडा ही मला अभिमानानं काचेच्या पेटीत ठेवायची वस्तू वाटत नाही.

सादडा :

रेवाकाठ, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि मला ते टोचलं पाहिजे, म्हणून टोचलं. हातोडा पेटीत ठेवावा असं मीही म्हणत नाही. तो माझा नव्हताच, मी तो परत केला.

पण तुमच्या मुद्द्यानंच माझं म्हणणं पक्कं होतं. १८४२ चा पट्टा आपल्याला माहीत आहे, कारण इंग्रजांनी त्यांचा कागद जपला. मुंबई इलाख्याचे पहिले जंगल कॉन्झर्व्हेटर डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली नेमले गेले हेही माहीत आहे, कारण त्यांचे अहवाल छापले गेले. म्हणजे घेणाऱ्याचा इतिहास आहे. कुऱ्हाड चालवणाऱ्याचा नाही. आज आहव्याच्या, डांगच्या मुख्य गावाच्या, आसपास ऐंशीच्या पुढची चार-दोन माणसं असतील, ज्यांनी ठेकेदाराच्या काळातही तोड केली आणि मंडळीच्या काळातही. ती गेली की फक्त घेणाऱ्याचाच कागद उरेल.

मंडळी म्हणजे जंगल कामदार सहकारी मंडळी. १९३८ च्या सुमारास सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आदिवासी भागातली ठेकेदारी आणि सावकारी यांवर अहवाल दिला होता. पुढे बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९४७ च्या सुमारास ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात केली. डांगात छोटूभाई आणि घेलूभाई नायक या भावांनी हे काम उभं केलं. मी गेलो तेव्हा मंडळ्यांचा तो भर ओसरू लागला होता, पण जुने मजूर अजूनही ‘ठेक्याचं साल’ आणि ‘मंडळीचं साल’ अशी वर्षं मोजायचे. ठेक्याच्या सालात मजुरीच्या जागी कधी मीठ आणि कधी कोंडा मिळायचा, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

आणि माझ्यासमोरच तोड थांबली. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला: मंजूर कार्ययोजनेशिवाय झाड पाडायचं नाही. त्या वर्षी मार्किंग झालेली झाडं नंबरासकट उभी राहिली. सकाळी रोपवनाकडे जाताना ते पांढरे आकडे झाडांवर दिसायचे आणि हळूहळू सालीत मिटत जायचे.

दांडियाबाजारकर, डायरीत काय लिहायचो, ते उद्या सांगतो. एक नोंद शोधायची आहे.

नॅरोगेज :

बडोद्यात बसून डांगच्या सागाबद्दल बोलायचं आणि बिलीमोरा-वघई गाडीचं नाव निघू नये हे कसं चालेल! गायकवाड सरकारनं बांधलेली लाइन, १९१३ च्या सुमाराची. अडीच फुटी गेज, ६३ किलोमीटर. बिलीमोरा हे गायकवाडांचं बंदर, वघई डांगच्या तोंडाशी. डांग गायकवाडांचा नव्हता, पण डांगातून समुद्राकडे जाणारं लाकूड त्यांच्या मुलखातून जायचं. त्याआधी ते बैलगाड्यांनी घाट उतरून यायचं.

आपल्या संस्थानाला या छोट्या गाड्यांची सवय आधीपासूनच. मियागाम-डभोई लाइन १८६२ ची, पहिली काही वर्षं तिथे डबे बैल ओढत. माझे वडील प्रतापनगरच्या वर्कशॉपमध्ये होते, ते म्हातारपणीही त्याला गोयागेटच म्हणत. वघईवरून येणाऱ्या सपाट वॅगनींना सागाचा वास इतका मुरलेला असायचा की वर दुसरा माल लादला तरी तो जात नसे, असं ते सांगत. कोऱ्या चामड्यासारखा वास.

२०२० मध्ये लॉकडाउनला गाडी बंद पडली तेव्हा वाटलं होतं कायमची गेली. २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता तिच्यातून पर्यटक जातात. काका, वघई डेपोतून लाकूड वॅगनीत चढवताना पाहिलंय का तुम्ही? लोक ते कशानं उचलत?

सादडा :

वॅगनीचा काळ माझ्या आधीच आटोपला होता, आमच्या वेळी ट्रक. पण चढवायची रीत तीच. दोन सरळ वासे ट्रकच्या फाळक्याला तिरके टेकवायचे, ओंडक्याला दोन्ही टोकांशी दोरखंडाचा फास घालायचा, चौघं वर उभे राहून ओढणार आणि चौघं खालून खांदा लावणार. एकानं ओरडून ताल द्यायचा. तालात एक चुकला तर ओंडका एका टोकानं घसरतो, आणि खालच्याचा पाय जातो. जाताना मी दोनदा पाहिलाय.

पूर्णाकाठ :

साहेब, मी आहव्याजवळचा. बडोद्याला शिकलो, आता इकडे शाळेत शिकवतो. तुमचा धागा एका मित्रानं पाठवला.

माझे आजोबा तुमच्याच वेळेचे. वय चौऱ्याऐंशी. ऐकू कमी येतं पण आठवण पक्की आहे. काल त्यांना तुमचं लिहिलेलं आमच्या बोलीत वाचून दाखवलं. चौघांच्या टोळीचं आलं तेव्हा म्हणाले, ‘पाचवा विसरला. पाणी आणणारा पोरगा.’ तो पाचवा म्हणजे बहुतेक माझे वडील.

आजोबा झाड पाडण्याआधी कुऱ्हाडीचा पाठभाग बुंध्यावर तीन ठिकाणी ठोकायचे. भरीव असेल तर आवाज आखूड येतो, पोकळ असेल तर लांबतो. मग झुकाव बघायचा, वारा बघायचा, ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला खाच घ्यायची आणि मागच्या अंगाला करवत जरा वरून चालवायची. झाड करकरायला लागलं की मागे सरळ पळायचं नाही, तिरकं पळायचं, कारण बुंधा मागे उसळतो. हे त्यांनी मला घराच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाशी उभं राहून करून दाखवलं.

रेवाकाठ यांनी लिहिलेलं वाचून आजोबा बराच वेळ गप्प होते. आमच्या पाच राजांना आजही आहव्याला डांग दरबारात होळीच्या आधी सालियाणा मिळतो, तो त्या पट्ट्याच्याच बदल्यातला. दरबार बघायला सगळं जग येतं. ज्यांनी झाडं पाडली त्यांना बघायला कुणी येत नाही. तुम्ही या.

एक तक्रार मात्र त्यांनी सांगायला सांगितली. राग मानू नका. ‘मापात आमचं लाकूड नेहमी कमी भरायचं.’ हे खरं का?

सादडा :

राग कसला. खरं आहे, आणि त्याचं कारण त्यांना त्या वेळी कुणी समजावून सांगितलं नाही. मीही नाही.

गोल ओंडका मोजायची आपली जुनी रीत अशी: मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचा. समजा घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर. चौथा भाग ३० सेंटिमीटर. ०.३० गुणिले ०.३० गुणिले ३, म्हणजे ०.२७ घनमीटर. वहीत हे लिहिलं जायचं. पण गोल लाकडाचं खरं घनफळ काढलं तर ते ०.३४ च्या वर जातं. म्हणजे शंभरातले साडेएकवीस भाग मापातच गळतात. ओंडका चौकोनी करताना बाजूच्या फळ्या वाया जातात, खरेदी करणाऱ्याला त्याचा भुर्दंड नको, म्हणून व्यापारासाठी ही रीत पडली. ती इंग्रजांच्या देशातून आली.

आमचं म्हणणं असायचं की मजुरीचा दरही याच मापावर बांधलेला आहे, मग नुकसान कुठे? कागदावर ते बिनतोड आहे. पण आजोबांनी करवत चालवली ती गोल लाकडावर. त्यांनी डोळ्यांनी जे पाडलं आणि वहीत जे आलं त्यात फरक दिसणारच. मी त्यांना भेटून हे जमिनीवर काडीनं काढून दाखवीन. तीस वर्षं उशीर झाला आहे.

आता दांडियाबाजारकरांच्या प्रश्नाचं उत्तर. नोंद सापडली. १९८८ ची डायरी. पूर्णा नदीच्या बाजूचा एक कूप, कंपार्टमेंटचा नंबर इथे देत नाही. ओळ अशी आहे: ‘साग, नं. ३४७, घेर १६४. रद्द. पोकळ.’

ते झाड पोकळ नव्हतं. त्या दिवशी आम्ही नंबर घातला, हातोडा मारला, आणि टोळीतला एक जण कुऱ्हाड खाली ठेवून बसला. झाडाच्या मुळाशी गवतात वाघदेव होता. कोरलेला लाकडी खांब, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, शेंदूर अजून ओला. वाघबारस नुकतीच झाली होती. तो माणूस काही बोलला नाही. बाकीचेही बसले. मी तेव्हा तिशीतही नव्हतो, वरून साहेबांचा दट्ट्या होता की मार्किंग शनिवारच्या आत संपवा. मापवहीत झाड रद्द करायचं तर कारण लिहावं लागतं. पोकळ, वाकडं, किडकं, नाल्याकाठचं, एवढीच कारणं चालत. देवाला रकाना नव्हता. मी ‘पोकळ’ लिहिलं.

रद्दीच्या काट्यावर जी वही गेली तिच्यात हे ‘पोकळ’ होतं. खरं काय ते फक्त माझ्या डायरीतल्या पुढच्या ओळीत आहे: ‘वाघदेव. सोडलं.’

मोडीवाली :

शेवटच्या दोन शब्दांवर मी थांबून गेले.

मी मोडी वाचते. बडोद्याच्या कोठी कचेरीच्या इमारतीतल्या दफ्तर भांडारात गायकवाडी कागद बघायला बरीच वर्षं जाते. माझा अनुभव सांगते, उपयोगी पडेल. जंगल म्हणून वेगळा गठ्ठा शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. लाकूड सापडतं ते दुसऱ्याच कागदांत. वाड्याच्या बांधकामाच्या हिशोबात, जकातीच्या नोंदीत, गाडीभाड्यात. सोनगड, व्यारा हा रानाचा मुलूख संस्थानच्या नवसारी प्रांतात होता, आणि सोनगड तर गायकवाडीचं पहिलं ठाणं, पिलाजीरावांनी १७१९ मध्ये घेतलेलं. म्हणजे रान आणि राज्य यांचा संबंध बडोदं राजधानी व्हायच्या आधीपासूनचा आहे. तरी कागदात झाड तोडणारा माणूस मलाही कधी भेटला नाही. ‘नग’ भेटतात, ‘सुमार’ म्हणजे मोजदाद भेटते, गाडीवान क्वचित नावानं येतो.

काका, तुमची डायरी आणि पूर्णाकाठ यांच्या आजोबांचं सांगणं समोरासमोर ठेवा. एका पानावर नोंद, शेजारच्या पानावर त्याच दिवसाची त्यांची आठवण. नुसती डायरी ठेवली तर तीही शेवटी मापवहीच होईल. आणि शब्दांची यादी करा. तास, खाच, थप्पी, फुटवा, कूप. पूर्णाकाठ, आजोबा त्यांच्या बोलीत ज्याला जे म्हणतात तेच लिहा, आमच्या पुस्तकी मराठीत सुधारू नका.

लक्कडपीठा :

माझं जुन्या लाकडाचं दुकान आहे, नावावरून कळलं असेल, बडोद्याच्या लक्कडपीठ्यात. वाडे पाडले की त्यांची तुळवटं, खांब, कड्या आमच्याकडे येतात. रावपुऱ्यातला तांबेकरवाडा राखला गेला, पण तसलं नशीब थोड्याच वाड्यांचं.

सादडाकाका हातोड्याबद्दल लिहितात ते वाचून मी काल गोदामात टॉर्च घेऊन बसलो. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं त्याला कुणी रंग देत नाही, रंधा मारत नाही. एका तुळईच्या टोकावर गोल ठसा आहे आणि आत अक्षरासारखं काहीतरी. अर्धा खवला गेलाय. कुठल्या जंगलाचा ते मला ओळखता येत नाही, पण ठसा आहे हे नक्की. आतापर्यंत अशी किती टोकं मी करवतीनं सरळ करून विकली असतील, देव जाणे. लोक म्हणतात टोक साफ करून द्या.

इथल्या सगळ्यांना विनंती. घरचा वाडा उतरवत असाल तर भिंतीतून निघालेल्या टोकाचा फोटो आधी काढा, मग सुतारापुढे ठेवा. संखेड्याचे खरादी ओळखीचे आहेत, त्यांनाही सांगून ठेवतो. त्यांच्याकडे जुना साग कातायला येतो.

वलय :

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. लक्कडपीठा काका, ती टोकं टाकू नका, प्लीज! सागाला वर्षाची वलयं स्पष्ट येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ पडते, नुसत्या भिंगानं दिसते. चांगल्या पावसाचं वलय रुंद, दुष्काळाचं अरुंद. पुण्याच्या हवामान संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे.

एक सावधगिरी सांगते. तुळईवरून झाड कधी तोडलं ते नेमकं वर्ष सहसा निघत नाही. सुतार बाहेरचं पांढरं, कच्चं लाकूड तासून टाकतात आणि शेवटची वलयं त्यातच जातात. कधी अवकाळी ताणामुळे खोटं वलयही पडतं. तरीही दोन बोटं जाडीची चकती कापून, तिच्यावर वाड्याचं ठिकाण आणि तुळई कुठल्या मजल्यावर होती ते लिहून ठेवलं, तर पुढे कुणाला तरी वाचता येईल.

रेवाकाठ :

मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण ‘देवाला रकाना नव्हता’ वाचल्यावर एवढं कळलं की काका मी समजलो होतो तो इतिहास जपायला निघालेले नाहीत. छोटाउदेपूरच्या बाजूला माझा वावर असतो. तिथल्या जुन्या मजुरांचं बोलणं रेकॉर्ड करायला मी तयार आहे. परवानगी विचारून, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरी ठेवून.

सादडा :

उशिरा लिहितोय, क्षमस्व. मधल्या तीन आठवड्यांत दोन कामं झाली.

दांडियाबाजारकरांनी पंधरा डायऱ्यांचे फोटो काढले. वाळवीच्या दोनपैकी एक अर्धी वाचली. एक प्रत माझ्याकडे, एक मोडीवालीताईंकडे आणि एक पूर्णाकाठ यांच्या शाळेत.

दुसरं काम म्हणजे मी आहव्याला जाऊन आलो. पूर्णाकाठ मोटारसायकलवर न्यायला आले होते. आजोबांना मी ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं, माझ्या आवाजावरून, आणि ऐकू कमी येतं म्हणतात! १९८८ मध्ये कुऱ्हाड खाली ठेवून बसलेला माणूस तेच होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. डायरीत लिहायला त्यांनी होकार दिला, नेटवर नको म्हणाले.

अंगणात काडीनं ओंडक्याचं वर्तुळ काढून चौकोनाचं माप समजावलं. त्यांनी ते शांतपणे बघितलं, वर्तुळाच्या चार बाजूंना उरलेल्या चार पाकळ्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘मग हे कुणी नेलं?’ त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्या फळ्या जळण म्हणून, फाट्या म्हणून कुणीतरी विकल्याच असणार.

मग वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन, सोबत बीटगार्डला घेऊन आम्ही ३४७ बघायला गेलो. मला वाट आठवत नव्हती. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आजोबांनी हातानं दाखवत नेलं. शेवटचा तुकडा चालत. ऑगस्ट असल्यानं सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळीसारखी झाली होती, खाली उभं राहिलं तर अंगावर चाळणीतून पडावं तसं ऊन पडत होतं. वाघदेवाचा खांब नवा बसवलेला आहे, जुना कुजून शेजारीच पडलेला. कुणी हलवलेला नाही.

झाड उभं आहे. छातीच्या उंचीवर घेर २१२ सेंटिमीटर. म्हणजे छत्तीस वर्षांत ४८ नं वाढलं. आमची तास पूर्ण मिटली आहे. सालीवर उभी ओठासारखी एक घडी तेवढी राहिली, बोट फिरवलं की लागते. हातोड्याचा ठसा तिच्या आत कुठेतरी असेल, वलयांच्या खाली. आजोबांनी कुऱ्हाडीच्या पाठीनं तीन ठिकाणी ठोकलं. आवाज आखूड आला. मी कोवळं पान चुरगळून बोटांवरचा लाल रंग बघितला, ही माझी जुनी सवय.

डायरीत ‘वाघदेव. सोडलं.’ च्या खाली आता आजची तारीख, घेर, त्यांचं नाव आणि त्यांचा अंगठा आहे. सही करता येते त्यांना, नातवानं शिकवलीय, पण म्हणाले अंगठाच घ्या, तेव्हा अंगठाच होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. आणखी दोन गावांत दोन म्हातारे आहेत असं कळलं. वलय, तुला यायचं असेल तर कळव. छिद्र पाडून नमुना घेण्याचं विचारूही नकोस, ते झाड नाही. पण शेजारी वाऱ्यानं पडलेले दोन साग आहेत, बीटगार्डकडे विचारू.

वलय :

येते काका. मी फक्त भिंग आणीन.

पूर्णाकाठ :

साहेब, आजोबांना कालचं वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली आहे. मिटली ती वरची तास. बुडाशी दुसरी तास होती, नाल्याच्या अंगाला, आणि तिथं हातोडा दोनदा मारला होता, कारण पहिला घाव सरकला. मधल्या पावसांनी तिथं वीतभर माती चढली आहे. पुढच्या वेळी येताना खुरपं आणा म्हणतात, आपण उकरून बघू.